मर्लफेस्टमधले ब्लूग्रास बँड: मंचावर नेमकं काय चाललेलं असतं?

अवरोही

नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्क्सबरो गावात, विल्क्स कम्युनिटी कॉलेजच्या आवारात, एप्रिलअखेरीस चार दिवस मर्लफेस्ट हा संगीत महोत्सव भरतो. सुरुवात १९८८ ची. गिटारवादक डॉक वॉटसन यांचा मुलगा आणि साथीदार मर्ल १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रॅक्टरच्या अपघातात गेला. त्याच्या स्मरणार्थ कॉलेजात बाग करायची ठरली, तिच्यासाठी पैसे उभे करायला पहिला कार्यक्रम झाला आणि पुढे तो वाढत गेला. आजही यातून कॉलेजसाठी निधी उभा राहतो. २०२० साली करोनामुळे महोत्सव झाला नाही, २०२१ ला सप्टेंबरात झाला, नंतर पुन्हा एप्रिलवर आला.

रॅले, कॅरी, मॉरिसव्हिल भागात मराठी मंडळी भरपूर आहेत. कॅरीहून गाडीने साधारण अडीच तास लागतात: आय-४० ने विन्स्टन-सेलमपर्यंत, तिथून यूएस-४२१ धरायचा. जाणारे जातात, आणि बऱ्याच जणांचा शेरा एकच असतो: वाजवतात छान, पण सगळी गाणी सारखीच. काय ऐकायचं हे कुणी सांगितलेलं नसतं म्हणून असं होतं. म्हणून हा धागा. मर्लफेस्टमध्ये ब्लूग्रासखेरीज (ब्लूग्रास म्हणजे तारवाद्यांवर, ड्रमशिवाय वाजणारं अमेरिकी लोकवळणाचं संगीत) बरंच काही असतं (डॉक त्याला 'ट्रॅडिशनल प्लस' म्हणत), पण इथे ब्लूग्रास बँडपुरतंच बोलू.

पार्श्वभूमी थोडक्यात. केंटकीतल्या रोझीनचे बिल मन्रो १९३९ साली नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात आले. त्यांच्या बँडचं नाव ब्लू ग्रास बॉइज, त्यावरूनच या संगीताला नाव पडलं. पण आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो तो बाज बसला डिसेंबर १९४५ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनाचे अर्ल स्क्रग्ज तीन बोटांचा बँजो घेऊन आले तेव्हा. मन्रो मँडोलिनवर, लेस्टर फ्लॅट गिटारवर, स्क्रग्ज बँजोवर, चबी वाइज फिडलवर (म्हणजे व्हायोलिन) आणि हॉवर्ड वॉट्स डबल बेसवर. १९४८ पर्यंत हा संच टिकला आणि आजही बँड बांधताना हीच पाच वाद्यं धरतात. सहावं आलं तर डोब्रो (तारांवर पोलादी दांडा सरकवून वाजवायची गिटार). अनेक दिवस चालणारा पहिला ब्लूग्रास महोत्सव कार्लटन हेनी यांनी १९६५ च्या सप्टेंबरात व्हर्जिनियात फिनकासलला भरवला. मन्रोंचा स्वतःचा इंडियानात, बीन ब्लॉसमला, १९६७ पासून.

ज्यांना मंचामागची बाजू माहीत आहे त्यांनी लिहावं. आवाज, सूर, हवामान, काहीही.

तिरकीट

ड्रम नसताना एवढी लय कोण धरतं? ऐकताना ठेका अगदी स्पष्ट लागतो.

मंद्र_पंचम

@तिरकीट, दोन वाद्यांत वाटून घेतात. चार मात्रांचं आवर्तन धरा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर डबल बेस, दुसऱ्या आणि चौथ्यावर मँडोलिनचा 'चॉप'. चॉप म्हणजे डाव्या हाताने चारही जोडतारा दाबून कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरायची, उजव्या हाताने फटकारा मारायचा आणि लगेच डाव्या बोटांची पकड ढिली करायची. बोटं तारांवरून उचलायची नाहीत, फक्त दाब काढायचा. उचलली तर तारा मोकळ्या घुमत राहतात आणि ठोका सांडतो. यात एकही मोकळी तार चालत नाही, कारण मोकळी तार अशी बंद करता येत नाही. ड्रमवाल्यांचा स्नेअर जे काम करतो तेच हे.

गिटार दोन्हींच्या मधे: खर्जाच्या तारेवर एक टोला, मग वरच्या तारांवर झटका. ओळ संपताना गिटारवर खालून वर चढत 'सा' वर येणारी एक ठरावीक छोटी तान ऐकू येते. तिला 'जी रन' म्हणतात, ती लेस्टर फ्लॅटमुळे रुळली. नवीन ऐकणाऱ्याने तेवढी जरी ओळखायला शिकली तरी ओळ कुठे पुरी झाली ते चुकत नाही.

आता बँजो. उजव्या हाताच्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटावर पिकं (तार छेडायच्या नख्या) चढवलेली असतात. तीन बोटांचा फेरा आठ स्वरांत बसवायचा तर तो पुरता बसत नाही, म्हणून वजनं ३+३+२ अशी पडतात. बेस-मँडोलिन सरळ चालतात आणि बँजोचे जोर त्यांच्यावरून आडवे जातात. ब्लूग्रासची ओढ इथून येते. ज्यांना तीनताल-दादऱ्याचं वजन कळतं त्यांनी बँजोचे स्वर न मोजता नुसते जोर मोजून पाहावेत.

वेगाचा हिशोबही बघा. जलद ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे वेगवान वाद्यरचनेत, बेस मिनिटाला १५० टोले देतो असं धरलं तर दोन टोल्यांत ४०० मिलिसेकंद. चॉप बरोबर मधे, २०० वर. बँजोचे त्याच ४०० मध्ये चार स्वर, म्हणजे प्रत्येकी १०० मिलिसेकंद. हवेत आवाजाला एक मीटर जायला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. बेस आणि मँडोलिन पाच मीटर लांब उभे राहिले तर १५ मिलिसेकंद उशीर तिथेच झाला. बँजोच्या एका स्वराच्या जवळजवळ सातवा हिस्सा. मोठ्या मंचावर बँड ऐसपैस पसरला की गाणं ओढल्यासारखं लागतं, त्याचं निम्मं कारण हे. सवयीचे बँड मंच कितीही रुंद असो, दीड मीटरच्या आत, अर्धगोलात उभे राहतात. बेस मधोमध मागे, मँडोलिन त्याच्या अगदी जवळ.

जव्हारी

मंद्र_पंचम यांचं उभं राहण्याबद्दलचं म्हणणं सोळा आणे खरं. आता माइकचं.

मोठ्या मंचावर बहुतेक बँड प्रत्येक वाद्याला आणि प्रत्येक गळ्याला वेगळा माइक घेतात. पाच जणांचा बँड, गाणारे तिघे-चौघे, बेसची थेट लाइन असं धरलं तर दहाएक चॅनल होतात. दोन बँडच्या मधे हातात वेळ १५-२० मिनिटं. सविस्तर साउंड चेक होत नाही, फक्त लाइन चेक: प्रत्येक चॅनलला आवाज येतोय ना, बस. म्हणून मंचाचा नकाशा आणि चॅनलची यादी आयोजकांकडे आधीच पोचवावी लागते. नकाशात कोण कुठे उभा, कोण कुठलं वाद्य बदलणार, कुणाला पिकअप (वाद्यालाच बसवलेला ध्वनिग्राहक) आणि कुणाला नुसता माइक, आणि चौथा आवाज गाणारा नेमका कोण, हे सगळं हवं. चौथ्या आवाजाचं राहून जातं आणि मग भक्तिगीताच्या चौकडीत खर्ज ऐकूच येत नाही.

माइक कुठे लावायचा:

गिटार: मान जिथे पेटीला मिळते तिथे, बाराव्या-चौदाव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे मानेवरचा पडदा), १५-२० सेंटिमीटरवर. भोकासमोर लावला की आवाज ढोलासारखा घुमतो. ड्रेडनॉट गिटारच्या पेटीतली हवा १०० हर्ट्झच्या आसपास गुंजते, आणि मॉनिटरमधून (मंचावर वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) तोच सूर परत आला की फीडबॅकची शिट्टी सुरू. मिक्सरवर तेवढ्याच सुरापुरता अरुंद काप द्यायचा. अख्खा खर्ज उतरवू नका, गिटार कोरडी पडते.

बँजो: कातड्याच्या कडेकडे रोखून, १०-१५ सेंटिमीटर. थेट घोडीवर रोखला तर नुसती कटकट येते. बँजो मुळातच मोठा, त्याला मॉनिटरमध्ये जवळजवळ काहीच द्यायचं नाही.

फिडल: वरून, २०-३० सेंटिमीटर, गजाच्या वाटेत येणार नाही असा.

मँडोलिन: मानेकडच्या एफ-भोकाजवळ. चॉप आणि एकल वादन यांत आवाजाचा फरक फार, म्हणून वादकाने स्वतः पुढे-मागे व्हायचं. मिक्सरवाल्यावर सोडलं तर दरवेळी दोन सेकंद उशीर होतो आणि दोन सेकंदांत ओळ निघून जाते.

बेस: पिकअपची लाइन मॉनिटरसाठी आणि खोलीसाठी, जोडीला माइक असेल तर लाकडाचा आवाज येतो. उघड्यावर नुसत्या माइकवर बेस टिकत नाही.

कार्यक्रमातलं पहिलं गाणं असं निवडावं की त्यात तिघांचं धृपद आहे आणि प्रत्येक वाद्याचा एकेक ब्रेक (एकट्याने वाजवायची पाळी) आहे. तीन मिनिटांत साउंडवाल्याच्या कानावरून सगळे चॅनल जातात आणि दुसऱ्या गाण्यापासून आवाज बसतो. पहिल्यालाच एकट्या गळ्याचं संथ गाणं लावलं तर बँजोचा माइक बंद आहे हे चौथ्या गाण्याला कळतं.

कॅरीकर

@जव्हारी, माहिती उत्तम, पण एका माइकचा उल्लेखच नाही आणि ब्लूग्रासची मूळ रीत तीच. ऑप्रीच्या काळी एकच माइक असायचा, सगळे त्याच्याभोवती. १९९० च्या दशकात डेल मॅकूरी बँडने ही पद्धत मोठ्या मंचांवर पुन्हा आणली. आज मोठ्या पटलाचा कंडेन्सर माइक वापरतात. ऑडिओ-टेक्निकाचा ४०३३ बराच चालतो, ईअर ट्रम्पेट लॅब्सचे माइकही अशाच कामासाठी घेतले जातात. ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो.

माइक उभ्या गायकाच्या हनुवटीच्या जरा खाली, म्हणजे गळा आणि वाद्य दोन्ही धरता येतात. बेस मागे, त्याची लाइन वेगळी. हे काही जुन्याची हौस म्हणून करत नाहीत. पाच जण एकमेकांचं खरंखुरं वाजणं ऐकतात, मॉनिटरमधलं नव्हे. आवाजाचा समतोल मिक्सरवर ठरत नाही, बँड स्वतः ठरवतो. आणि दहा चॅनल जुळवण्याची कटकट संपते.

हिशोब साधा आहे: माइकपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. गाणारे ३०-४० सेंटिमीटरवर. ब्रेक घेणारं मँडोलिन किंवा गिटार १५-२० वर. बँजो ब्रेकलासुद्धा ४० च्या आत येत नाही, आणि साथीला असताना मीटरभर मागे. ब्रेक संपायच्या दोन मात्रा आधी वादक मागे सरकायला लागतो, म्हणजे गायकाला पहिल्या शब्दाला जागा मिळते. नवख्या बँडमध्ये तो ब्रेक पूर्ण करून मग हलतो आणि ओळीचा पहिला शब्द गडप होतो.

सगळे उजवे असले की वाद्यांच्या माना एकाच बाजूला येतात, म्हणून आत यायची बाजू एक आणि बाहेर पडायची दुसरी, हे पक्कं ठरवून ठेवतात. बँजोची मान फिडलवाल्याच्या कोपराला लागते ती इथे चुकल्यावर.

ही हालचाल नुसती बघत राहिलं तरी गाण्याची बांधणी कळते. आत आला त्याची पाळी.

जव्हारी

@कॅरीकर, छोट्या मंचावर आणि शांत श्रोत्यांपुढे पूर्ण मान्य. पण उघड्यावर, बाजूच्या मंचाचा आवाज येत असताना आणि वारा असताना एकटा कंडेन्सर धोक्याचा. तो सगळंच उचलतो. त्याच्यासोबत मॉनिटर लावला की शिट्टी ठरलेली, म्हणजे मॉनिटर बंदच ठेवावे लागतात आणि मग मागचा बेसवाला गाणं अंदाजाने वाजवतो. फोमचं टोपडं घालायचं, १०० हर्ट्झच्या खालचं सगळं त्या चॅनलमधून कापायचं आणि मुख्य स्पीकर माइकच्या बरेच पुढे ठेवायचे, एवढं जमत असेल तरच. नाही तर मधला मार्ग: गाण्यांसाठी मधे एक कंडेन्सर, आणि दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर एकेक वाद्याचा माइक. हालचाल राहते, धोका कमी होतो.

कॅरीकर

मधला मार्ग मान्य. मात्र दोन वाद्य-माइक मधल्या माइकपासून लांब हवेत. वादक आपल्या माइकपासून जितका दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेवायचं. नाही तर एकच आवाज दोन माइकमध्ये थोड्या फरकाने शिरतो आणि पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो.

गंधार_थोडा_उतरलेला

गळ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ब्लूग्रासमध्ये तीन आवाज: मुख्य, त्याच्या वर टेनर, खाली बॅरिटोन. चौथा आला तर खर्ज. नियम एवढाच की कॉर्डमधला मुख्य स्वराच्या लगेच वरचा स्वर टेनरचा आणि लगेच खालचा बॅरिटोनचा. आपल्या स्वरांत मांडून बघा, कॉर्ड 'सा ग प':

मुख्य 'सा' वर असेल तर टेनर 'ग', बॅरिटोन मंद्र 'प'.
मुख्य 'ग' वर, तर टेनर 'प', बॅरिटोन 'सा'.
मुख्य 'प' वर, तर टेनर तार 'सा', बॅरिटोन 'ग'.

खरी परीक्षा पुढे. मुख्य गायक 'सा' वर थांबून राहिला आणि खाली कॉर्ड बदलून 'म ध सा' झाली, तर टेनरला 'ग' वरून 'म' वर आणि बॅरिटोनला मंद्र 'प' वरून मंद्र 'ध' वर जावं लागतं. मुख्य चाल जागची हललेली नसताना. बॅरिटोन म्हणूनच अवघड. स्वतंत्र चाल म्हणून त्याला काही अर्थ लागत नाही, नुसता उरलेला स्वर भरत राहायचा. धृपद ऐकताना कान मुद्दाम सर्वांत खालच्या गळ्यावर ठेवा, मग बँडची तयारी कळते. टेनर कुणालाही ऐकू येतो.

सगळ्या बँडचं असंच असेल असं नाही. ऑस्बोर्न बंधूंनी मुख्य चालच सर्वांत वर ठेवली आणि बाकीचे दोघे तिच्या खाली. बॉबी ऑस्बोर्न यांच्या उंच गळ्यासाठी ती रचना होती.

पट्टी उंच हे तर कुणालाही जाणवतं. पुरुष गायकांची आवडती पट्टी म्हणजे पांढरी सहा, काळी पाच आणि पांढरी सात. मन्रोंच्या गळ्याने हा पायंडा पाडला. गळ्यातला ताण लपवायचा नसतो, तोच हवा असतो.

आणि गंधार. बँजो-गिटार फ्रेटवर बांधलेली, त्यामुळे त्यांचा 'ग' शुद्ध गंधारापेक्षा १४ सेंट चढा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). तिघे एका माइकजवळ गातात तेव्हा गळे आपोआप शुद्ध 'ग' कडे उतरतात. म्हणून बरेच बँजोवाले मोकळ्या तारांतली 'बी' ची तार ट्यूनरच्या काट्यापेक्षा किंचित खाली ठेवतात. हार्मोनियमवरून आपल्याकडे झालेला वाद ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल. वाद्यं थांबवून किंवा नुसत्या गिटार-मँडोलिनवर भक्तिगीताची चौकडी होते तेव्हा हा फरक सर्वांत गोड लागतो. कार्यक्रमात ते एक तरी असतंच, चुकवू नका.

तिरकीट

हे सरगममध्ये मांडलेलं फार कामाचं आहे, पहिल्यांदाच नीट समजलं. एक प्रश्न: दोन गाण्यांच्या मधे बँजोवाला सारखा मानेशी खटपट करत असतो. एवढा बेसूर होतो का बँजो?

सुतारकाम

@तिरकीट, अर्धी खटपट कॅपोची (तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) असते. बँजोच्या मोकळ्या तारा पांढरी पाचला, म्हणजे जी कॉर्डला लावलेल्या. पांढरी सहाला गायचं तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, पांढरी सातला चौथ्यावर. पण पाचवी, आखूड तार पाचव्या फ्रेटपासून सुरू होते, तिच्यापर्यंत कॅपो पोचत नाही. तिच्यासाठी मानेत सातव्या, नवव्या फ्रेटपाशी बारीक खिळे ठोकलेले असतात, खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचे. तार त्यांच्याखाली अडकवायची. कॅपोने तारा ताणल्या जाऊन सूर किंचित चढतो, खिळ्याने आणखी. मग पुन्हा लावणं आलं. फिडल, मँडोलिन आणि बेसला कॅपो नाही, ते मोकळे.

यावर उपाय गाण्यांच्या क्रमात आहे. एका पट्टीची दोन-तीन गाणी लागोपाठ लावायची आणि कॅपो बदलेल तिथेच निवेदन ठेवायचं. ४५ मिनिटांत ११-१२ गाणी बसतात. प्रत्येक गाण्याला पट्टी बदलली तर पाच-सहा मिनिटं नुसती जुळवाजुळवीत जातात.

उरलेली खटपट हवामानाची. विल्क्सबरो ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी आहे. एप्रिलअखेर सकाळ गार, दुपारी ऊन, सूर्य कलला की पुन्हा गारवा आणि दव. दोन गोष्टी एकाच वेळी होतात आणि त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात.

एक, तापमान. उन्हात पोलादी तार लांबते, सूर उतरतो. गारव्यात आखडते, सूर चढतो. हे मिनिटांत होतं. मंचाच्या मागे सावलीत लावलेलं वाद्य उन्हातल्या मंचावर आणलं की पहिल्याच गाण्यात उतरतं. म्हणून वाद्य दहा मिनिटं आधी त्याच हवेत उघडं ठेवून मग लावायचं.

दोन, दमटपणा. याला तास लागतात. लाकूड फुगतं, गिटारची वरची फळी उचलली जाते, तारा फ्रेटपासून उंच होतात, बोटांना जड लागतं. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. उलट प्रकार कोलोरॅडोत, टेल्युराइडच्या महोत्सवात. ते गाव ८,७५० फुटांवर, हवा कोरडी. तिथे फळीला चीर जायची भीती, म्हणून पेटीत ओलसर ठेवणारी पुडी घालून नेतात.

बँजोचं कातडं आता मायलर प्लास्टिकचं असतं, जुन्या वासराच्या कातड्यासारखं ते दवाने ढिलं पडत नाही. पण घोडी चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते. सगळ्या तारा एकदम काढल्या की ती हलते आणि वरच्या फ्रेटवरचे सूर चुकायला लागतात. तारा एकेक करूनच बदलायच्या. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर जुळतोय ना बघायचं. दाबलेला चढा असेल तर घोडी मानेपासून केसभर मागे, उतरलेला असेल तर पुढे.

कातड्याचा ताण २४ हुकांवर असतो. समोरासमोरचे हुक आळीपाळीने, एका वेळी अष्टमांश फेरा. एकाच बाजूने पिळत गेलं तर कातडं तिरकं बसतं आणि एखाद्या गार रात्री फाटतं. टिचकी मारल्यावर जी ते जी-शार्पच्या आसपासचा सूर आला की पुरे.

नव्या तारा त्याच सकाळी चढवू नयेत, आदल्या दिवशी चढवाव्यात. पेटीत सुटे सामान म्हणून एक पूर्ण संच, त्याशिवाय बँजो-गिटारच्या पहिल्या तारेच्या दोन जादा, एक घोडी, दोन अंगठ्याची पिकं, आणि चिमट्याच्या ट्यूनरची सीआर-२०३२ बॅटरी. हा ट्यूनर माइकवर नाही, लाकडाच्या कंपनावर चालतो, म्हणून शेजारी दुसरा बँड वाजत असतानाही वाद्य लावता येतं.

आणि बंद गाडीत वाद्य ठेवू नका. पार्किंग लांब असतं, 'तासाभराचा प्रश्न' म्हणून ठेवलं जातं. उन्हातल्या गाडीत ५०-६० अंश सहज होतात. फिडलचा सरस तेवढ्याला सुटायला लागतो, गिटारची घोडी फळीवरून उचलली जाते.

मंद्र_पंचम

@सुतारकाम, एक भर. तार मंचावर तुटली तर? चांगला बँड थांबत नाही. ज्याची तुटली तो मागे जातो, त्याचा ब्रेक शेजारचा उचलतो, गाणं पुरं होतं. मग कथन किंवा बँजोशिवायचं एखादं भक्तिगीत. यासाठी असं एक गाणं यादीच्या बाहेर राखीव ठेवलेलं असतं. मँडोलिनच्या तारा जोडीच्या, एक गेली तरी दुसरीवर निभतं. पण तुटक्या तारेचा शेपूट एफ-भोकात शिरला तर खडखडतो, तो आधी काढायचा.

पुणेरी_पट्टी

मर्लफेस्टला तंबूंत लोक आपापली वाद्यं घेऊन गोल करून बसतात म्हणे. बाहेरच्याने त्यात जावं का? आणि तबला चालतो का?

कॅरीकर

@पुणेरी_पट्टी, जावं, तंबू त्यासाठीच आहेत. रीत अशी आहे. गोलात ज्याची पाळी तो गाणं निवडतो, पट्टी मोठ्याने सांगतो आणि सुरुवात करून देतो. कॉर्ड अक्षरांनी न सांगता आकड्यांनी सांगतात: एक, चार, पाच. म्हणजे सा, म आणि प वरच्या कॉर्ड. पट्टी कुठलीही असली तरी आकडे तेच. ब्रेक गोलात क्रमाने फिरतो. तुमच्याकडे मान हलवली की तुमची पाळी. घ्यायचा नसेल तर मान नकारार्थी हलवून लगेच पुढच्याकडे बघायचं. उशीर करू नका, मोकळी ओळ सगळ्यांना खटकते. निवडणाऱ्याने पाय उचलला की ती शेवटची फेरी.

नवख्याने मागच्या रांगेत उभं राहून गिटारवाल्याचा डावा हात बघत हळू वाजवावं. कुणी गात असताना गाणाऱ्याचे शब्द ऐकू येत नसतील तर आपण मोठे वाजतोय हे समजावं. दोन बँजो असतील तर एकाने नुसता ठोका धरायचा. तिसरा बँजो असेल तर सरळ दुसरा गोल शोधावा.

गंधार_थोडा_उतरलेला

तबल्याचं सांगते. पारंपरिक गोलात तालवाद्य चालत नाही, आणि त्याचं कारण वर मंद्र_पंचम यांनी दिलंच आहे. दुसऱ्या-चौथ्या मात्रेची जागा मँडोलिनने घेतलेली असते. तिथे आणखी कुणी वाजवलं की चॉप बुजतो आणि बँजोचे आडवे जोर ऐकू येईनासे होतात. मंचावर मात्र बँजो आणि तबला एकत्र आले आहेत आणि फार मोठ्या पातळीवर आले आहेत. मुंबईचे झाकिर हुसेन, बँजोवादक बेला फ्लेक, डबल बेसवादक एडगर मायर आणि बासरीवादक राकेश चौरसिया या चौघांच्या २०२३ च्या अल्बमला पुढल्या वर्षी दोन ग्रॅमी मिळाली. तिथे संगीतच तबला धरून बांधलेलं होतं. विश्वमोहन भट्ट आणि डोब्रोवादक जेरी डग्लस हेही १९९० च्या दशकात एकत्र वाजले आहेत, आणि ते साहजिकच होतं: मोहनवीणा आणि डोब्रो दोन्हींवर तारेवरून पोलादी दांडा सरकवायचा, मींड दोन्हींचा जीव.

गोलात जायचं तर तबला ठेवून गळा न्या. धृपदाला तिसरा आवाज नेहमी कमी असतो. पहिल्यांदा धृपद ऐकून घ्यायचं, दुसऱ्या वेळी वरचा टेनर कुणी धरलाय ते बघायचं आणि उरलेला खालचा स्वर घ्यायचा. गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचं, कारण शब्द कुठे तोडायचा ते तोच ठरवतो.

सुतारकाम

आणि बसून वाजवायचं असेल तर बिनहाताची घडीची खुर्ची घरून न्या. हात असलेल्या खुर्चीत गिटारचं कोपर अडकतं. पायाखाली गवत ओलं असतं, वाद्याची पेटी थेट जमिनीवर न ठेवता प्लास्टिकच्या कापडावर ठेवा.